पासाच्या आधीचा पास

मंगळवारी सकाळी केल्सी गोराल्स्की माझ्या दारात आली, तेव्हा तिच्या हातात पिवळ्या पडलेल्या कागदांचा गठ्ठा होता आणि तोंड उतरलेलं होतं.

"बाई, मी कुठंतरी चुकलेय असं सांगा," ती म्हणाली. "चुकले नसेन तर फार वाईट होईल."

"आधी आत ये. बूट पुसून."

केल्सी माझ्या शेवटच्या तुकडीतली. तिला आठवीचं गणित शिकवलं आणि मी निवृत्त झाले. तिचा बाप स्टॅन त्याच्या काळी माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसून गणित चुकवायचा. आता ती काचेच्या कारखान्यात तपासणीचं काम करते आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या फुटबॉल क्लबचे जुने सामने एक एक करून संगणकात भरते. क्लबचं नाव टोलेडो फर्नेस. गावात आम्ही सगळे नुसतं 'भट्टीवाले' म्हणतो.

तिनं माझ्या जेवणाच्या टेबलावर कागद मांडले. १९९३ पासूनच्या सामन्यांचे ते तक्ते होते. प्रत्येक गोलापुढं वेळ, गोल करणाऱ्याचं नाव आणि असिस्टचा रकाना.

"असिस्टच्या रकान्यात बघा. एकेका गोलाला दोन दोन नावं आहेत."

"मग?"

"बाई, असिस्ट म्हणजे गोलाच्या आधीचा शेवटचा पास. तो एकच असतो. पण आपली लीग सुरू झाली तेव्हा तक्ते भरायला बसलेली माणसं बर्फावरच्या हॉकीतली होती. हॉकीत शेवटच्या पासाच्या आधी ज्यानं पास दिला त्यालाही श्रेय देतात. ती सवय त्यांनी इथं आणली. २००० साली ते बंद झालं, पण मागचे आकडे कुणी दुरुस्त केले नाहीत."

मला पुढचं कळलं. तरी मी विचारलं, "लेनॉक्सचे किती जातात?"

"एकोणीस."

लेनॉक्स पेटीग्रूचे असिस्ट अठ्ठावन्न. हा आकडा मैदानातल्या पूर्वेच्या स्टँडच्या जिन्यात, भिंतीवर सगळ्यात वरच्या ओळीत रंगवलेला आहे. खाली आणखी नऊ नावं. दर वर्षी पहिल्या घरच्या सामन्याच्या सकाळी आम्ही चाहतेच ती भिंत पुन्हा पांढरी करतो आणि नावं नव्यानं लिहितो. यंदा आकडे द्यायचं काम केल्सीकडं होतं. सामना शनिवारी होता.

मी पेन्सिल घेतली आणि सगळे तक्ते पहिल्यापासून मोजले. मग दुसऱ्यांदा मोजले. एकोणीसच आले. अठ्ठावन्नातून एकोणीस गेले की एकोणचाळीस उरतात. आणि आत्ता खेळणाऱ्या माटेओ आरिएताचे चव्वेचाळीस झाले होते.

"तू चुकलेली नाहीस," मी म्हणाले.

केल्सीनं कपाळ टेबलाला टेकवलं.

तिला काय टोचत होतं ते मला ठाऊक होतं. लेनॉक्स त्रिनिदादहून त्र्याण्णव साली सहा महिन्यांसाठी आला आणि इथलाच झाला. गुडघा गेल्यावर तो शाळेची बस चालवू लागला. केल्सी आठ वर्षं त्याच्या मागच्या पहिल्या सीटवर बसून शाळेत गेली. ऑफसाइड म्हणजे काय ते त्यानंच तिला लाल सिग्नलला थांबलेलं असताना डब्यातली द्राक्षं डॅशबोर्डवर मांडून शिकवलं होतं. आता तो आमच्याच रांगेत, नवव्या रांगेत बसतो. आपल्या खेळाबद्दल कधी अवाक्षर काढत नाही. पण जिना चढताना त्या भिंतीपाशी त्याचा पाय क्षणभर थांबतो. मान वर करत नाही, नुसता थांबतो. हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

"अठ्ठावन्नच लिहिलं तर?" केल्सीनं टेबलाशीच तोंड ठेवून विचारलं. "कुणाला कळणार आहे?"

"तुला कळलंय की."

"बाई, हे वर्गातलं उत्तर झालं."

"मला दुसरं येत नाही. दोघांना मोजायचं तर पट्टी एकच हवी, एवढंच मला येतं."

ती उठून बसली. "मग माटेओचेही पासाच्या आधीचे पास मोजते. लीग मोजत नाही, पण चित्रफिती आहेत. ते कमी निघाले तर जुन्या पट्टीनं लेनकाका वर राहतील."

गणितात असं प्रामाणिक पळवाट शोधणारं पोर मला नेहमी आवडतं. "मोज," मी म्हणाले.

दोन दिवस तिनं मोजले. तेवीस निघाले. म्हणजे जुन्या पट्टीनंही माटेओ सदुसष्टावर.

*

दर गुरुवारी चारनंतर आमची रांग टोथच्या बेकरीत जमते. कॉफी, अक्रोडाचा रोल आणि भांडण. मी आणि केल्सी पोचलो तेव्हा भांडण सुरू झालेलं होतं. एका बाजूला स्टॅन, दुसऱ्या बाजूला डार्नेल. डार्नेल पोस्टमन आहे, तिशीतला, आणि आपल्याच क्लबला नावं ठेवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

"बाहेर आपलं नाव काय आहे माहितीये? म्हाताऱ्या खेळाडूंचा आश्रम," डार्नेल म्हणत होता. "ज्याला कुणी घेत नाही तो टोलेडोला येतो."

"आणि अ‍ॅक्रनवाले कोण लागून गेलेत?"

"त्यांच्याकडं दोन कप आहेत."

"त्यातला एक छपराखालचा! बंदिस्त मैदानातला कप काय कप असतो?"

"मग आपला चौऱ्याण्णवचा कुठं उघड्यावरचा होता?"

"तो वेगळा."

"वेगळा कसा?"

"तो आपला," स्टॅन म्हणाला आणि रोलचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. विषय संपला असं त्याला वाटलं की तो असं करतो.

केल्सीनं खुर्ची ओढली. "बाबा, मला काहीतरी सांगायचंय. लेनकाका यायच्या आत."

तिनं सांगितलं. स्टॅन चावायचा थांबला. स्टॅन आणि लेनॉक्स तीस वर्षांचे दोस्त. लेनॉक्सला इथला पहिला हिवाळा आला तेव्हा त्याला आपला कोट देणारा स्टॅनच.

"कोण म्हणतं पासाच्या आधीचा पास काही नसतो?" स्टॅन एकदम उसळला. "तो नसता तर पास कुठून आला असता? आभाळातून?"

"असं म्हटलं तर गोलकीपरनं चेंडू टाकला तिथपासून मोजावं लागेल," डार्नेल म्हणाला.

"तू गप. किती सामने खेळला लेन?"

"दोनशे बारा," केल्सी म्हणाली. "माटेओ दोनशे एकतीस."

"बघ! एकोणीस सामने जास्त! भाग. भाग ना."

केल्सीनं भागलं. "लेनकाका शून्य पूर्णांक एक आठ चार. माटेओ एक नऊ शून्य."

स्टॅननं कपाळाला हात लावला. मग त्याचा चेहरा उजळला. "दोन हजार एकचा हंगाम काढून टाक! गुडघ्यात पाणी घेऊन खेळत होता तो."

"सव्वीस सामने, दोन असिस्ट," केल्सी पुटपुटली. बोटं फोनवर फिरली. "एक नऊ नऊ."

"आला वर!" स्टॅननं टेबलावर मूठ आपटली, माझी कॉफी बशीत सांडली. "बाई, बघितलंत?"

"मग माटेओचाही दुखापतीचा हंगाम काढायला लागेल ना बाबा. एकोणीस सामने, एक असिस्ट." पुन्हा बोटं फिरली. "दोन शून्य तीन."

"तुझ्या आईवर गेलीयेस अगदी."

मग डार्नेललाही चेव चढला. तो स्टॅनशी कितीही भांडो, शाळेला त्यानंही लेनॉक्सच्याच बसमधून ये-जा केलेली. "थांबा थांबा. त्या काळी आपण गोल किती करत होतो? सामन्याला एक, कसाबसा. गोलच नाहीत तर असिस्ट कुठून येणार? लेन होता तेव्हाच्या सगळ्या गोलांत त्याचा वाटा किती, आणि माटेओचा किती?"

केल्सीनं बघितलं. लेनॉक्सच्या काळातले गोल दोनशे एक्केचाळीस, माटेओच्या काळातले तीनशे अठरा. लेनॉक्स शेकडा सोळाच्या वर. माटेओ चौदाच्या खाली.

मग तिघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मग तिघांनीही माझ्याकडं. शाळेत उत्तर बरोबर आलं की पोरं जशी बघतात तशी.

"गणित बरोबर आहे," मी म्हणाले.

"झालं तर!" स्टॅन म्हणाला.

"पण स्टॅन, तू आठवीत काय करायचास आठवतं? पुस्तकाच्या मागं उत्तर बघायचास आणि मग ते येईल असं उदाहरण मांडायचास."

"मी पास झालो होतो, बाई."

"काठावर."

डार्नेल हसू लागला आणि मध्येच थांबला. दारात लेनॉक्स उभा होता. बसच्या किल्ल्या हातात, डोक्यावर विणलेली टोपी. किती वेळ उभा होता कोण जाणे. पाऊण तास लवकर आला होता. शाळा त्या दिवशी अर्धीच होती, हे आमच्या कुणाच्या ध्यानात नव्हतं.

"कुणाला भागताय एवढं?" त्यानं विचारलं.

स्टॅन टेबलाखालून केल्सीला पाय मारत होता. तो मला लागला.

केल्सी उभी राहिली. "लेनकाका, तुमच्या अठ्ठावन्नातले एकोणीस असिस्ट हे पासाच्या आधीचे पास आहेत. आजच्या नियमात ते बसत नाहीत. तुमचे एकोणचाळीस होतात. माटेओ पुढं आहे."

"आणि हे दोघं?"

"हे तुम्हाला वर ठेवायची वाट शोधतायत."

"सापडली का?"

"एक सापडलीय," डार्नेल घाईनं म्हणाला. "वाट्याच्या हिशेबानं तू अजून पहिला आहेस. शेकडा सोळा!"

लेनॉक्सनं कागद घेतला, चष्मा लावला आणि सगळा वाचला. सावकाश वाचला. "अरे बाबांनो," तो म्हणाला, "मला आणखी थोडं भागलंत तर हातात काही उरायचं नाही."

आम्ही हसलो. तोही हसला. पण त्यानं कॉफी मागवली नाही. कागदाची घडी करून खिशात घातली. "हा मी ठेवू का, केल्सी?"

"ठेवा ना. लेनकाका, मी..."

"शनिवारी बघू," तो म्हणाला आणि गेला. बस सुरू झाल्याचा आवाज आला.

"झालं समाधान?" स्टॅन मुलीला म्हणाला. लगेच त्याला वाईट वाटलं, कारण आपल्या रोलचा उरलेला अर्धा भाग त्यानं तिच्या बशीत ठेवला. तिनं तो खाल्ला नाही.

*

शनिवारी नऊ वाजता आम्ही जिन्यात जमलो. मार्चचं ऊन होतं, पण वारा नदीवरून येत होता. भिंत आदल्या दिवशीच पांढरी करून वाळवलेली होती. स्टॅननं काळ्या रंगाचा डबा उघडला. केल्सीनं यादी उलटी धरली होती, कुणी वाचू नये म्हणून.

लेनॉक्स दर वर्षी साडेआठलाच येतो. शिडी तोच धरतो.

सव्वानऊ झाले. डार्नेल म्हणाला, "ट्रॅफिक असेल."

"टोलेडोत? शनिवारी सकाळी?" स्टॅननं ब्रश डब्यात बुडवला आणि पुन्हा पुसला. "मी सांगतो, नाही येणार तो. का येईल? आपलंच नाव खाली उतरताना बघायला?"

केल्सी पायरीवर बसली. "बाई, मी निदान हा हंगाम संपेपर्यंत थांबायला हवं होतं का?"

"मला माहीत नाही गं," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं. बरोबर उत्तर कुणाला केव्हा सांगावं हे मला चाळीस वर्षं शिकवूनही नीट कळलेलं नाही.

"सुरुवात करा," ती अखेर म्हणाली. "वरची ओळ. आरिएता, चव्वेचाळीस."

स्टॅन शिडीवर चढला. त्यानं ते नाव लिहिलं, नीट, एकही थेंब न ओघळू देता. मग दुसऱ्या ओळीसाठी ब्रश उचलला.

"एकोणचाळीस चूक आहे," खालून आवाज आला.

लेनॉक्स जिन्याच्या तळाशी उभा होता. गुडघ्यामुळं तो कठड्याला धरून एक एक पायरी चढत आला. त्याच्या हातात गुरुवारचा तोच घडी केलेला कागद होता.

स्टॅन शिडीवरून जवळजवळ पडला. "मी म्हणत नव्हतो का! मी पहिल्यापासून म्हणतोय, त्या पोरीनं काहीतरी..."

"अडतीस आहेत," लेनॉक्स म्हणाला.

"काय?"

"डेटनचा सामना. सत्त्याण्णव, एप्रिल. केल्सी, तुझ्या कागदावर त्या दिवशीचा दुसरा गोल बघ. असिस्ट पेटीग्रू. तो माझा नाही. तो गसचा होता."

गस कारास आमचा डावीकडचा मिडफिल्डर. लेनॉक्सबरोबर सात हंगाम खेळला. नंतर या गावातच घरं रंगवायचा. चार वर्षांपूर्वी गेला.

"त्या दिवशी मैदान म्हणजे नुसता चिखल," लेनॉक्स म्हणाला. "वर पत्र्याखाली बसलेल्या माणसानं लिहिलं. गस गोरा, मी काळा, तरी तिथून त्याला दोघं सारखेच दिसले. इतका चिखल."

डार्नेल फिसकन हसला.

"गस मला दर ख्रिसमसला फोन करायचा. पहिलं वाक्य तेच. 'डेटनचा माझा पास परत दे.' मी म्हणायचो, कागदावर माझं नाव आहे, कोर्टात जा. तो शिव्या घालायचा, ग्रीकमध्ये. मग आम्ही पोराबाळांचं बोलायचो." लेनॉक्सनं कागद केल्सीपुढं धरला. त्या ओळीखाली पेनानं रेघ मारलेली होती. "तेव्हा माझे अठ्ठावन्न होते. त्यातला एक देऊन माझं काही जात नव्हतं. तरी दिला नाही. म्हटलं, राहू दे, गंमत आहे."

केल्सी कागदाकडं बघत राहिली. "लेनकाका, त्या सामन्याची चित्रफीत नाही. मी शोधलीय. वर्तमानपत्रातही तुमचंच नाव आहे."

"असेल. त्यांनी तक्त्यावरूनच घेतलं असणार."

"माझा नियम आहे. लेखी नाहीतर चित्रफितीचा पुरावा असल्याशिवाय मी आकडा बदलत नाही. गुरुवारी मी तुमचे एकोणीस कमी केले ते तक्त्यावर लिहिलेलं होतं म्हणून. आता नुसत्या तुमच्या शब्दावर कसं..." ती थांबली. "मग उद्या कुणीही येईल आणि म्हणेल, तो माझा होता."

"बरोबर आहे तुझं," लेनॉक्स म्हणाला. "कुणीही येऊन म्हणेल, माझा होता. माझा नव्हता म्हणायला किती जण येतात?"

केल्सीनं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहू लागले. वर्गात असं असलं की पोरांना वाटतं बाईंचं लक्ष नाही, आणि मग ती स्वतः सोडवतात.

बाहेर मैदानावर पाण्याचे फवारे सुरू झाले होते. स्टॅन शिडीवर ब्रश धरून अवघडून उभा होता आणि ब्रशवरचा रंग वाळत चालला होता.

केल्सीनं खिशातून पेन काढलं. यादीतला एकोणचाळीस खोडला, अडतीस लिहिला, आणि बाजूला बारीक अक्षरात काहीतरी टिपलं. मी नंतर वाचलं. तिथं लिहिलं होतं: 'पुरावा: ल. पेटीग्रू, स्वतः.'

"लिहा बाबा. पेटीग्रू, अडतीस."

स्टॅननं लिहिलं. मध्ये एकदा बाहीनं नाक पुसलं, त्यामुळं त्याच्या मिशीला काळा रंग लागला. त्याला कुणी सांगितलं नाही.

तिसरं नाव झालं, चौथं झालं. लेनॉक्सनं शिडी धरली होती. दहाव्या ओळीला स्टॅन जमिनीवर गुडघे टेकून बसला. "विल्कॉक्स, बारा. आणि संपलं."

"संपलं नाही," केल्सी म्हणाली. ती यादीवर बोट ठेवून काहीतरी मोजत होती. "गसचे अकरा होते. आता बारा झाले. म्हणजे तोही दहावा. दोघं बरोबरीत."

लेनॉक्स शिडी सोडून खाली वाकला. "म्हणजे?"

"म्हणजे भिंतीवर यंदा अकरा नावं. बरोबरीत असलेल्याला गाळता येत नाही."

"तुम्हाला हे माहीत होतं?" डार्नेलनं लेनॉक्सला विचारलं.

लेनॉक्सनं नाही अशी मान हलवली. टोपी काढली, परत घातली.

"अगं पण जागा कुठं आहे?" स्टॅन ओरडला. "खाली पाण्याचा पाइप आहे!"

"पाइपाच्या खाली वीतभर जागा आहे."

"तिथं लिहायचं तर मला पालथं पडायला लागेल. या वयात!"

"मग पड," लेनॉक्स म्हणाला. त्यानं आपला कोट काढून जमिनीवर अंथरला. स्टॅन कुरकुरत त्यावर पोटावर आडवा झाला आणि त्याचे बूट जिन्यात मध्येच आले. तोवर सामन्याला आलेली लोकं वर चढू लागली होती. ती त्याच्या पायांवरून उड्या मारून जाऊ लागली.

लेनॉक्सही दुखरा गुडघा सरळ ठेवून त्याच्या शेजारी जमिनीवर बसला. डोकं पाइपाखाली घातलं.

"मोठं काढ," तो म्हणाला. "अजून मोठं. एवढ्यानं त्याचं समाधान व्हायचं नाही."